आतल्या खोलीत बहीण होती

त्या हिवाळ्यात आमच्या बेटावर खरं म्हणजे वेताच्या टोपल्या विणायचा वर्ग व्हायचा होता. मोठ्या बेटावरच्या कर्कवॉल शहरातल्या शिक्षण कचेरीनं तसं कळवलं, मी शाळेच्या दारावर सूचना चिकटवली, लोकांनी नावंही दिली. वेत मात्र आला नाही. तो बोटीत चढला की नाही, चढला तर उतरला कुठे, याचा पत्ता लागला नाही. वसंतात शेजारच्या बेटावर घरोघरी नव्या टोपल्या दिसायला लागल्या, पण तोवर उशीर झाला होता.

बेटावर शिक्षिका मी एकटीच. मी कचेरीला फोन केला.

"दुसरं काय शिकवता येईल तुम्हाला?" तिकडून विचारलं.

"गोष्टी लिहायला."

"त्याला सामान काय लागेल?"

"पेन्सिली."

"मग तेच शिकवा."

टोपल्यांसाठी नावं दिलेली माणसं गोष्टींसाठी येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आमच्याकडे हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधार पडतो, आणि शाळेत कोळशाची शेगडी असते. सगळी आली. उत्तरेच्या टोकाला ज्याची गुरं आहेत तो मॅन्सी सीटर आला. मॅन्सीचं लग्न झालेलं नव्हतं आणि तो विषय त्याच्यासमोर कुणी काढत नसे. पाद्र्यांची बायको मिसेस लेडलॉ आल्या. त्या मूळच्या एडिंबरोच्या, आणि वही त्यांनी स्वतःची आणली होती. आणखी पाच-सहाजण आले. आणि थोरा रेंडल आली.

बेटाचं टेलिफोन एक्स्चेंज थोराच्या घरात होतं. पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला बोर्ड, त्यावर प्रत्येक घराचं एक छोटं झाकण. कुणी आपल्या घरी फोनची मूठ फिरवली की इकडे त्याचं झाकण टपकन पडायचं. थोरा यंत्र कानाला लावून "बोला" म्हणायची आणि इकडची तार तिकडे खोचून द्यायची. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी ती त्या खुर्चीवर बसली आणि केस पांढरे होईपर्यंत उठली नाही. रविवारी चर्चलासुद्धा जायची नाही. प्रवचन कसं झालं ते दुपारी बायका एकमेकींना फोनवर सांगायच्या, तेवढं तिच्या कानावर पडायचं. आणि ते पुरेसं असतं, असं तिचं मत होतं.

वर्गाच्या आधीच्या उन्हाळ्यात टेलिफोन खात्याची माणसं आली. त्यांनी धक्क्याजवळ काँक्रीटची एक खोली बांधली, तिच्यात राखाडी पेटी ठेवली, आणि नंबर आपोआप लागायला लागले. थोराचा बोर्ड ते काढून घेऊन गेले. भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली. त्यावर तिनं कॅलेंडर टांगलं.

"वर्गाला का यावंसं वाटलं तुला?" मी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं तसं तिलाही विचारलं.

"संध्याकाळी हात मोकळे असतात," ती म्हणाली. "टोपल्या बऱ्या होत्या."

घरात तिची धाकटी बहीण सिबेला होती. दोघी बिनलग्नाच्या. थोरा तारा जोडायची. सिबेला कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, स्वयंपाक, धुणं, शेगडी बघायची. घरात ती जाड लोकरी मोज्यांवर वावरायची. दुकानात भेटली तर मान हलवायची. बोलणं जवळजवळ नाहीच. काही माणसं अशीच असतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पहिल्या पाठाला मी म्हटलं, "एखाद्या माणसाचं वर्णन करा. नाव घ्यायचं नाही. आम्हाला तो डोळ्यांपुढे दिसला पाहिजे."

मॅन्सीनं वाचलं : "माझी गाय लाल आहे. तिला चार पाय आहेत."

"मॅन्सी, माणसाचं सांगितलं होतं."

"माझ्याकडे माणसं नाहीत."

"बरं, गाय तर गाय. पण जरा आणखी दिसू दे ती."

त्यानं बराच वेळ विचार केला, खोडलं, लिहिलं, आणि वाचलं : "चारही पाय चांगले आहेत."

मिसेस लेडलॉंनी सूर्यास्त लिहिला होता. आधी सोनेरी, मग केशरी, मग जांभळा, मग ढगाच्या कडेनं पुन्हा सोनेरी. सूर्य बुडायला तीन पानं लागली.

"पण यात माणूस कुठे आहे?" मी विचारलं.

"तो बघतोय," त्या म्हणाल्या.

"जूनमध्ये तेवढा वेळ लागतोच," मॅन्सी म्हणाला.

मग थोरानं आपला कागद उलगडला. तिचा आवाज सपाट होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नंबर वाचून झाला होता तसा.

"बोलण्याआधी तो फोनमध्ये फुंकर मारतो," तिनं वाचलं, "गेल्या खेपेचे शब्द आत साचून राहिल्यासारखी. मग विचारतो, थोरा, आहेस का? मी कुठे जाणार. मग थांबतो. त्याच्यामागे मोठं घड्याळ चालत असतं, एक ठोका जड, एक हलका, पायानं अधू माणूस जिना चढावा तसं. दाराखालून वारा शिट्टी घालतो, म्हणजे वारा पश्चिमेचा आहे. कुत्रा दार ओरबाडतो. किटलीचं झाकण थडथडतं आणि ती कुणी उतरवत नाही, म्हणजे घरात दुसरं कुणी नाही. एवढ्या सगळ्यातून तो मला विचारतो, किती वाजले? मी सांगते. तो हं म्हणतो आणि फोन ठेवतो."

सगळा वर्ग मॅन्सीकडे वळला.

"मी फुंकर मारत नाही," मॅन्सी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझ्याकडे घड्याळ असताना तू वेळ कशाला विचारायचास रे?" दुकानवाली जेसी ग्रोट म्हणाली.

"ते जरा मागे पडतं."

लोक हसले, तोही थोडा हसला, आणि विषय संपला.

मी मात्र घरी जाऊन बराच वेळ त्या कागदाचा विचार केला. मी वर्गाला सांगत होते, बघा, डोळे उघडे ठेवा, रंग टिपा. थोरानं काहीच बघितलं नव्हतं. तरी मॅन्सीचं स्वयंपाकघर आमच्यापुढे होतं, त्यातला वारासुद्धा. तिचं जे अडायचं ते दुसरीकडे. तिच्या माणसांना अंगच नसे.

"हा उंच आहे की बुटका?" मिसेस लेडलॉंनी विचारलं होतं.

थोरानं समोर बसलेल्या मॅन्सीकडे पाहिलं. "फोनवर मध्यम वाटतो," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चेहरा लिहून आण, असं मी तिला सांगितलं. तिनं आणलं : "त्याला चेहरा होता, आणि तो बहुतेक वेळ दाराकडे असे." त्यानंतर मी तिला चेहऱ्यांसाठी छळलं नाही.

हिवाळाभर ती एक मोठी गोष्ट लिहीत राहिली. वादळ सुटलंय, मासेमारीची एक बोट परतायची आहे, आणि बोर्डावर बसलेली बाई घराघरांना जोडत चालली आहे, एवढीच गोष्ट. पण तिच्यात आमचं सगळं बेट होतं. कुणाच्या घरी छप्पर गळतं ते बादलीच्या आवाजावरून, कुणाचं नवरा-बायकोचं बिनसलंय ते बश्या कशा ठेवल्या जातात त्यावरून. मॅन्सीचा सांड आजारी होता तेव्हा त्यानं फोनची तार ओढून गोठ्यापर्यंत नेली होती आणि कर्कवॉलच्या गुरांच्या डॉक्टरला सांडाचा श्वास ऐकवला होता. तो श्वास तिनं असा लिहिला होता की वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मीच ती गोष्ट कर्कवॉलच्या एका साप्ताहिकाकडे पाठवली. त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी छापायला घेतली.

थोरानं नावं बदलली होती. मॅन्सीचा डॅन्सी केला होता. बाकीच्यांनाही एवढ्याच मेहनतीनं लपवलं होतं. अंक घेऊन बोट यायची त्या दिवशी धक्क्यावर माणसं उभी राहायला लागली. मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडले, पण मला वाटलं त्या कारणानं नाही. जेसी ग्रोट शाळेत येऊन म्हणाली, "माझा खोकला तिनं धक्क्यावरच्या डॉडला दिलाय. लहानपणापासूनचा खोकला आहे माझा." डॉडनं कसलीही तक्रार केली नाही आणि तो जास्त खोकायला लागला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे कधी फोन नव्हता, त्यामुळे त्या गोष्टीत कुठेच नव्हत्या. त्यांनी त्याच महिन्यात फोनसाठी अर्ज केला.

शेवटचा तुकडा छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सिबेला रेंडल शाळेत आली. पायात बूट, डोक्याला रुमाल, हातात अंड्यांची टोपली आणि तिच्यावर घडी घातलेला अंक.

"इना, हे तू शिकवलंस ना?" ती म्हणाली. तिचा आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. घोगरा होता आणि छान होता.

"शिकवलं म्हणजे काय, पेन्सिली दिल्या."

तिनं अंक टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाक्य बरोबर आहे का?"

मी वाचलं. गोष्टीतली बोर्डावरची बाई वादळात रात्रंदिवस बसून असते, शेवटी बोट परतते, ती कानावरचं यंत्र काढून ठेवते आणि घरात नजर फिरवते. तिथे ते वाक्य होतं. *आतल्या खोलीत बहीण होती.*

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"काही राहिलं नाही ना त्यात?"

"नाही... कर्ता आहे, क्रियापद आहे."

"सांडाला अर्धं पान आहे," सिबेला म्हणाली. "तो मरूनही बरेच दिवस झाले."

"सिबेला, गोष्टीत सगळ्यांनाच सारखी जागा देता येत नाही गं."

"मी कुठे तसं म्हणाले? वाक्य बरोबर आहे का, एवढंच विचारायला आले होते." तिनं अंकाची नीट घडी घातली, टोपलीतली सहा अंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि गेली. ती गडगडू नयेत म्हणून मी दुपारभर त्यांच्याभोवती पुस्तकं लावून शिकवत होते.

त्या आठवड्यात थोरा वर्गाला आली ती जरा गोंधळलेली होती.

"सिबेला घरात बूट घालून हिंडते," ती म्हणाली.

"मग काय झालं?" जेसी म्हणाली.

"खुराड्यातले बूट. सकाळपासून. आणि गाते."

"काय गाते?" मिसेस लेडलॉंनी उत्सुकतेनं विचारलं.

"भजनं. सगळी कडवी."

तिच्या बोलण्यातून मग हळूहळू कळलं ते असं. बोर्ड आला त्या पहिल्या वर्षी सिबेलाच्या हातून स्वयंपाकघरात पातेलं पडलं. त्याच वेळी थोरा एका तापानं फणफणलेल्या पोराच्या आईला डॉक्टरशी जोडत होती. आवाज तारेतून गेला, औषध किती द्यायचं ते आईला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारावं लागलं. थोरा आत न वळताच म्हणाली होती, "शू!" तेव्हापासून सिबेला मोज्यांवर चालायला लागली आणि बोलायचं ते डोळ्यांनी, हातांनी बोलायला लागली. बोर्ड गेला, तरी मोजे राहिले होते. गोष्ट छापून येईपर्यंत.

"एकदाच म्हटलं होतं मी शू," थोरा म्हणाली. शेगडीत कोळसा सरकला. "रोज म्हटलं असेन," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारच्या बोटीनं सिबेला कर्कवॉलला गेली. तिथे त्यांच्या चुलतबहिणीचं कापडाचं दुकान आहे. आठवड्याभरासाठी जाते म्हणाली. आठवडा झाला, मग आणखी एक झाला. मग बोटीच्या कप्तानाबरोबर निरोप आला, माझी चर्चची टोपी पाठव आणि कोंबड्या मॅन्सीला दे.

थोरानं टोपी पाठवली. कोंबड्या मॅन्सी येऊन घेऊन गेला. त्यानं प्रत्येकीला वेगळ्या पोत्यात घातलं होतं, गर्दी होऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या वर्गाला थोरा उभी राहिली आणि म्हणाली, "मी सिबेलाचं वर्णन लिहिलंय." तिनं कागद धरला. "माझी बहीण," तिनं वाचलं. आणि थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे नाही."

"डोळ्यांपासून सुरुवात कर. कसले आहेत तिचे डोळे?"

थोरा कागदाकडे बघत राहिली. ज्या घरात ती कधी गेली नव्हती तिथली बशीन्‌बशी तिला माहीत होती. "मला सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी बघितलेत का?"

"निळे असतील," मिसेस लेडलॉ म्हणाल्या. "इथे सगळ्यांचे निळे असतात."

"करडे आहेत," मॅन्सी म्हणाला. तो चाकूनं पेन्सिलीला टोक काढत होता आणि त्यानं मान वर केली नाही. "डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका आहे. टाचणीच्या डोक्याएवढा. ती उन्हात उभी असली तरच दिसतो."

पेन्सिल तासल्याचा आवाज येत होता.

"अंडी आणायला जातो ना मी," मॅन्सी म्हणाला.

"मॅन्सी," थोरा म्हणाली, "तुझ्याकडे स्वतःच्या कोंबड्या आहेत."

"त्या जरा कमी घालतात."

थोरा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी एवढी हालचाल पाहिली नव्हती. "तू रोज संध्याकाळी वेळ विचारायचास," ती सावकाश म्हणाली.

"हं."

"तुझं घड्याळ मागे पडत नाही."

"नाही." पेन्सिल आता बोटभरच उरली होती. "वाटायचं, एखाद्या दिवशी ती उचलेल."

"तिला बोर्डाला हात लावायची परवानगी नव्हती, मॅन्सी. सरकारी नियम होता."

"ते मला माहीत नव्हतं," मॅन्सी म्हणाला.

त्या दिवशी वर्ग मी लवकर सोडला.

ईस्टरच्या सुट्टीत थोरा मला म्हणाली, "मी कर्कवॉलला चाललेय. तू येतेस का? मला बोटीची सवय राहिली नाही." तिला कशाचीच सवय राहिली नव्हती. वाटेत ती डेकवर उभी राहून, आपलं बेट लहान होत जाताना बघत होती. एवढ्या लांबून ते तिनं बोर्ड आल्यापासून पाहिलं नव्हतं. "सपाटच आहे की," ती म्हणाली.

दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडायच्या आधीच आतून घोगरा आवाज ऐकू आला.

"हा कोट तुम्ही घेऊ नका. अहो, विकायला काय, मी दोन विकेन, पण यात तुम्ही ओल्या पोत्यासारख्या दिसता. खांदे बघा कुठे चाललेत. तो हिरवा घाला. घाला तर खरं! हं. आता नवरा ओळखेल तुम्हाला, आणि नाही ओळखलं तर आणखीच बरं."

काउंटरमागे सिबेला होती. गळ्यात मोजायची पट्टी, ओठांत टाचण्या, आणि टाचण्यांसकट ती बोलत होती. तीन बायका आपला नंबर यायची वाट बघत होत्या आणि कुणालाही घाई नव्हती. चुलतबहीण मागे उभी राहून पेटीत पैसे टाकत होती, मला ती नंतर हळूच म्हणाली, "ही आल्यापासून मला बोलावंच लागत नाही."

गिऱ्हाइकांच्या नवऱ्यांसाठी दाराजवळ एक खुर्ची ठेवलेली होती. थोरा तिच्यावर जाऊन बसली. सिबेलानं तिला पाहिलं, पण हातातलं इलॅस्टिक मोजून झाल्यावरच बोलली.

"काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग खुर्ची अडवू नकोस. शनिवार आहे."

थोरा उठली आणि उभी राहिली, काउंटरला अगदी टेकून. दुकानात खिडकीतून ऊन आलं होतं.

"काय बघतेस?" सिबेला म्हणाली.

"डावा डोळा."

"काय झालं त्याला?"

"काही नाही. ठिपका आहे त्यात."

"जन्मापासून आहे."

"मला माहीत नव्हतं."

सिबेलानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. "वळली असतीस तर दिसला असता," ती म्हणाली. रागानं नाही, कापडाचा भाव सांगावा तसं. मग तिनं कापडाचा ताका गुंडाळला, फळीवर ठेवला, आणि म्हणाली, "चहा घेणार?"

"घेईन."

मागच्या खोलीत चहा, बार्लीचे बॅनक, म्हणजे जाड भाकऱ्या, आणि चीज ठेवून सिबेला बोलायला लागली. आठवणी काढणं वेगळं. हे तसं नव्हतं. इतक्या वर्षांत सांगायचं राहून गेलेलं सगळं तिनं मनात क्रमानं लावून ठेवलं होतं, आणि बोर्ड आला त्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. कुठली कोंबडी केव्हा खुडूक बसली, आई गेली त्या सकाळी आई काय म्हणाली, कोण दारात येऊन काय बोलून गेलं. थोरा ऐकत होती. ऐकणं तिला येत होतं. पण या वेळी ती बघतही होती, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, नवशिक्या माणसानं बघावं तशी, जरा जास्तच टक लावून. बोटीचा भोंगा झाला तेव्हा सिबेला कोरियाच्या लढाईपर्यंत आली होती.

"उरलेलं कधी सांगशील?" थोरानं विचारलं.

"बस की. कोण हाकलतंय?"

मी एकटीच परत आले. थोरा चार दिवसांनी आली, आणि वर्गाला नवा कागद घेऊन आली.

"माझ्या बहिणीच्या डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका आहे," तिनं वाचलं. "बोलताना ती आधी उजवी भुवई उचलते, मग डावी. दोन्ही वर गेल्या की समोरच्यानं गप्प बसावं. तिच्या वरच्या दातांत फट आहे आणि हसताना ती फट जिभेनं झाकते. तिच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत निराळी आहे, गुळगुळीत आणि चकचकीत, उकळतं पाणी पडलं की होते तशी. मी विचारलं, हे केव्हाचं? ती म्हणाली, पातेलं पडलं तेव्हाचं. मी तेव्हा डॉक्टरांशी तार जोडत होते. ती ओरडली नाही. मी शू म्हटलं होतं."

तिनं कागदाची घडी घातली. मिसेस लेडलॉ रुमाल शोधायला लागल्या आणि म्हणाल्या, शेगडीचा धूर होतोय. धूर होत नव्हता.

शिक्षिका म्हणून सांगायचं तर हे तिचं सर्वांत चांगलं लिखाण नाही. घड्याळाचा लंगडा ठोका किंवा सांडाचा श्वास यांच्यापुढे यातली वाक्यं अवघडलेली आहेत, पहिल्यांदाच चपला घातलेल्या पोरासारखी. साप्ताहिकानंही ते छापलं नाही; त्या आठवड्यात गुरांच्या प्रदर्शनाचे निकाल होते आणि जागा नव्हती. थोरानं ते फोनवर सिबेलाला वाचून दाखवलं. सिबेलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फट उजवीकडे आहे, ते लिही." थोरानं लिहिलं.

सिबेला बेटावर परत राहायला आली नाही. रविवारी दुपारी त्या दोघी फोनवर बोलत, म्हणजे एक बोले. मॅन्सी गुरांच्या बाजाराच्या दिवशी कर्कवॉलला जायचा, जनावरं विकायचा, मग कापडाच्या दुकानात जाऊन नवऱ्यांच्या खुर्चीवर बोटीची वेळ होईपर्यंत बसायचा. विकायला जनावर नसलं तरी जायचा. त्यानं तिला काही विचारलं का, तिनं काय उत्तर दिलं, हे बेटावर कुणालाच कळलं नाही, आणि आमच्या बेटावर ते सोपं नाही. एवढं खरं की तो हळूहळू चांगले शर्ट घालायला लागला.

थोरा त्यानंतर बरीच वर्षं होती. आणखी दोन गोष्टी तिनं लिहिल्या. त्यांतल्या माणसांना थोडे थोडे चेहरे होते. एका फेब्रुवारीत ती छातीच्या दुखण्यानं गेली. दफनाला सिबेला बोटीनं आली, डोक्यावर तीच चर्चची टोपी. आमच्याकडे थडग्यापाशी पाद्री बोलतात, बाकीचे टोप्या धरून उभे राहतात, आणि बायका तर बहुधा घरीच चहाची तयारी करत थांबतात. मिस्टर लेडलॉंची प्रार्थना झाली, तेव्हा सिबेला म्हणाली, "मला सांगायचंय."

कुणी नको म्हटलं नाही.

"मी हिचा चेहरा फारसा बघितला नाही," ती म्हणाली. "ती पाठमोरी बसायची. म्हणून मी पाठ सांगते." आणि तिनं सांगितली. वाईट बातमी तारेतून जायची तेव्हा डावा खांदा कसा वर यायचा आणि बातमी पोचली तरी कितीतरी वेळ खाली यायचा नाही. मूल झाल्याचा फोन असला की अंबाड्यातून एक काटा कसा निसटायचा. मॅन्सीचा फोन आला की मान कशी किंचित तिरकी व्हायची, हसू आवरल्यासारखी. वादळाच्या रात्री स्वेटर कुठे ताणायचा, उसवायचा कुठे, आणि सकाळी ती शिवण सिबेला स्वतः कशी घालायची. ती एकेक वर्ष घेत होती.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा दोनदा झाला. ओहोटी लागली होती. कुणी हललं नाही. मग वारा फिरला आणि पाऊस आडवा यायला लागला, तेव्हा मॅन्सीनं पुढे होऊन तिच्यावर छत्री धरली. ती पहिल्याच झोतात उलटी झाली. तो ती तशीच धरून उभा राहिला.